काळ्या दगडासाठी टॉर्च: बारवेच्या लाइट पेंटिंगच्या नोंदी

सिन्नर तालुक्यात माझ्या आजोळी शेताच्या कडेला एक जुनी दगडी बारव आहे. उतरायला एकाच बाजूने पायऱ्या, म्हणजे नंदा प्रकारची. तळाशी पाणी, समोरच्या भिंतीत देवकोष्ठ आणि त्यात शेंदूर लावलेला देव. दिवसा फोटो काढला की वरून ऊन पडतं, अर्धी बारव पांढरीफटक येते आणि अर्धी काळीकुट्ट. मला तिचा एकेक थर आणि एकेक सांधा दिसेल असा फोटो हवाय. तो अंधाऱ्या रात्रीच निघेल: शटर उघडं ठेवायचं आणि टॉर्चने भिंत तुकड्यातुकड्याने उजळायची.

लाइट पेंटिंग म्हटलं की बहुतेकांना हवेतल्या उजेडाच्या रेघा आठवतात. छायाचित्रकार ग्योन मिली यांनी १९४९ साली पिकासोच्या हाती छोटा विजेचा दिवा देऊन हवेत चित्रं काढून घेतली, तो हा प्रकार. त्यात दिव्याचं तोंड कॅमेऱ्याकडे असतं. माझ्या कामात दिवा फोटोत दिसताच कामा नये, दिसायचा तो फक्त त्याने उजळलेला दगड. म्हणून टॉर्चही वेगळी लागते. बाजारात विकल्या जातात त्या टॉर्च बहुतेक लांब मारा करण्यासाठी बनवलेल्या असतात. जवळच्या काळ्या दगडावर त्यांचं काय होतं, ते खाली येईलच.

जागेबद्दल आधीच सांगते. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूत ट्रायपॉडलाही परवानगी लागते आणि अंधार पडल्यावर आत सहसा थांबता येत नाही. आमची बारव संरक्षित यादीत नाही, गावची आहे. तरीही ग्रामपंचायतीला अर्ज दिला आणि पोलीस पाटलांच्या कानावर घातलं. रात्री विहिरीत उजेड हलताना दिसला की गाव जमतं.

२ नोव्हेंबर २०२४, बारव

दिवाळीला आजोळी आलेच होते. कालच अमावस्या झाली, त्यामुळे चंद्राची अडचण नाही. घरात होत्या नव्हत्या त्या सगळ्या टॉर्च घेऊन उतरले. कॅमेरा काठावर ट्रायपॉडला, आयएसओ १००, एफ ८, शटर दोन मिनिटं.

पहिली टॉर्च मोठ्या डोक्याची, डबीवर पंधराशे ल्यूमेन (उजेडाचं माप) छापलेली. भिंतीपासून चार मीटरवर उभं राहून मारली आणि नुसतं मनगट फिरवलं, तरी मधला झोत जिथे क्षणभर थांबला तिथे दगड पांढरा होऊन जळाला. बाजूचा दगड काळाच राहिला. एवढ्या जवळून असा झोत सेकंदाच्या दहाव्या भागात काम उरकतो. हाताला तेवढा वेगही नाही आणि तेवढा अंदाजही नाही.

दुसरी रस्त्यावर मिळणारी झूमची टॉर्च, अडीचशे रुपयांची. झूम बाहेर ओढला की भिंतीवर एलईडीच्या चिपचं चौकोनी चित्र उमटतं. आत ढकलला की उजेड गोल आणि सपाट पडतो, हे चांगलं. पण बटण दाबलं की मोठा, मग मंद, मग लुकलुक, असं चक्र फिरतं. बंद करून चालू केली की पुढचा मोड लागतो. शटर उघडं असताना लुकलुक लागली तेव्हा ती फ्रेम तिथेच संपली.

तिसरा मोबाइलचा दिवा. उजेड पसरट आणि मऊ, जवळच्या पायरीवर छान. पण तो सगळीकडे सांडतो. माझा हात, माझी ओढणी, सगळं फ्रेममध्ये आलं.

फटाक्यांचा धूर खाली बारवेत साचला होता. धुरात टॉर्चचा झोत खांबासारखा उभा दिसतो. दिवाळीच्या आठवड्यात हे काम करू नये.

मामा वर काठावर बसून बघत होते. म्हणाले, "अगं, एवढी मोठी बॅटरी आणलीस, मग झाकून का मारतेस?" मोठ्या टॉर्चसमोर मी ओढणीचा पदर दुमडून धरला होता. त्या झाकलेल्या उजेडातली फ्रेमच आजची सगळ्यात बरी फ्रेम निघाली.

९ नोव्हेंबर, नाशिक

घरच्या पांढऱ्या भिंतीवर चाचण्या. कोणतीही टॉर्च विकत घेण्याआधी या दोन चाचण्या दुकानातच करून बघा. फुकट होतात आणि पैसे वाचवतात.

पहिली: मोबाइलचा कॅमेरा चालू करून टॉर्चकडे धरा आणि टॉर्च मंद मोडवर ठेवा. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले, तर ती टॉर्च उजेड कमी करत नाही, सेकंदाला शेकडो वेळा उघडझाप करून कमी झाल्याचा भास देते. डोळ्यांना कळत नाही. भिंतीवर सावकाश झोत फिरवायचा असेल तर फार बिघडत नाही, पण रेघ ओढायची असेल तर ती तुटक उमटते. माझ्या दोन्ही टॉर्चवर पट्टे आले.

दुसरी: पूर्ण चार्ज केलेल्या सेलवर एक फोटो, टॉर्च अर्धा तास जाळून तोच फोटो पुन्हा. मोठ्या टॉर्चचा उजेड डोळ्यांना तेवढाच वाटत होता, फोटोत मात्र जवळपास एका स्टॉपने उतरला, म्हणजे निम्मा झाला. लाइट पेंटिंगमध्ये सगळा हिशोब सेकंद मोजून होतो. "या थराला सहा, वरच्या थराला आठ" असं ठरवायचं आणि टॉर्च मध्येच निम्मी व्हायची, तर मोजणीला काही अर्थ राहत नाही.

मला काय हवंय ते आज वहीत लिहिलं. मंद पण ठाम उजेड, सेल उतरेपर्यंत एकसारखा. एकच मोड. दाबलं की चालू, सोडलं की बंद असं बटण. कडा मऊ असलेला झोत. आणि रंग खरे दाखवणारा एलईडी. अशी तयार टॉर्च शोधली, माझ्या खर्चात बसणारी मिळाली नाही. तेव्हा स्वतःच जुळवायची.

१७ नोव्हेंबर, नाशिक

बॉडी ठरली: कॉन्व्हॉय कंपनीची एस टू प्लस, सुटी मागवली. चोवीस मिलिमीटर जाडीची साधी नळी, आत १८६५० मापाचा, पुन्हा चार्ज होणारा एक लिथियम सेल, सगळे भाग फिरकीचे. उघडून आत काम करायला सोपी आणि सुटे भाग मिळतात. एलईडी निचिया कंपनीचा २१९बी, ४५०० केल्विन (उजेडाच्या छटेचं माप; आकडा कमी तेवढा उजेड पिवळसर), रंगदर्शकांक म्हणजे सीआरआय, रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा, नव्वदच्या वर. तो सोळा मिलिमीटरच्या तांब्याच्या चकतीवर आधीच बसवलेला मागवला. सुटा एलईडी मागवून चकतीवर स्वतः डागणं स्वस्त पडतं, पण त्यासाठी गरम तवा आणि सोल्डर पेस्ट लागते, आणि एलईडीचा पिवळा घुमट जरा दाबला गेला की संपलं. पार्सल यायला तीन आठवडे धरून चाला.

सेल घेताना डोळे उघडे ठेवा. बाजारात ९९०० एमएएच (सेलच्या क्षमतेचं माप) छापलेले १८६५० सेल मिळतात. या मापाच्या सेलमध्ये साधारण ३५०० एमएएचपेक्षा जास्त मावत नाही, तेव्हा त्या आकड्यावरच ओळखावं. असा एक सेल चाचणीसाठी घेऊन स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर टाकला: तीस ग्रॅमही भरला नाही. चांगला सेल पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास असतो. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेले सेलही लोक सुचवतात. वजन बरोबर भरतं, पण त्यांना संरक्षक सर्किट नसतं आणि माझ्या टॉर्चमध्येही व्होल्टेज उतरल्यावर बंद करणारं काही नसणार. म्हणून संरक्षक सर्किटवालेच, वर बोंड असलेले दोन सेल घेतले. बोंड पुढे फार कामाला आलं.

३० नोव्हेंबर, बारव

पार्सल अजून आलं नाही. एका मित्राकडून वाढीव सीआरआयचा छोटा व्हिडिओ दिवा उसना आणला आणि फक्त रंगाची तुलना केली.

ही तुलना प्रत्येकाने आपल्या जागेवर करावी. देवकोष्ठातल्या देवाचे तीन फोटो घेतले, अंतर तेच, व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून करायची रंगांची जुळणी) प्रत्येक दिव्याप्रमाणे जुळवलेला. झूमच्या टॉर्चखाली शेंदूर विटकरी-तपकिरी आला, वाळलेल्या मातीसारखा. व्हाइट बॅलन्स कितीही सरकवला तरी तो उजळेना. तांबडेपणा वाढवला की शेजारचा दगडच गुलाबी व्हायचा. व्हिडिओ दिव्याखाली तोच शेंदूर केशरी, तेल लावल्यासारखा तुकतुकीत, आणि कडेला जिथे जुने थर सुटलेत तिथे फिक्या आणि गडद शेंदराच्या पापुद्र्यांचा फरकही दिसला. भिंतीवरचं दगडफूल आतापर्यंत मी राखाडीच समजत होते. त्यात पिवळट आणि हिरवट असे दोन वेगळे प्रकार निघाले.

कारण साधं आहे. स्वस्त पांढऱ्या एलईडीच्या उजेडात निळा भरपूर आणि गडद तांबडा फारच थोडा असतो. जो रंग दिव्यातच नाही तो दगडावरून परत येणार कुठून? फोटो नंतर संगणकावर सुधारता येतो असं म्हणतात, पण नसलेला तांबडा तिथे घालता येत नाही. माझं मत पक्कं झालं: खर्च करायचा तर ल्यूमेनवर नाही, एलईडीच्या रंगावर करायचा.

बाकी रात्र वाया गेली. या आठवड्यात शेतीची वीज रात्रीच्या पाळीची आहे. मोटार चालू आणि स्टार्टरच्या पेटीवरचा बल्बही चालू. दोन मिनिटांच्या फ्रेममध्ये त्या एका बल्बने उजवी भिंत पिवळी केली. बंद करू का विचारलं तर मामा म्हणाले, "नको गं, पेटीत हात घालताना साप दिसायला पाहिजे." बरोबरच आहे. बल्बला बारवेच्या बाजूने गोणपाटाचा आडोसा केला आणि काम निम्म्यावर सोडलं. पुढच्या वेळी कोणत्या आठवड्यात दिवसाची पाळी आहे ते आधी विचारून मग तारीख धरायची.

८ डिसेंबर, नाशिक: ड्रायव्हर

पार्सल आलं. आजचा सगळा दिवस टेबलावर.

ड्रायव्हर म्हणजे एलईडीला जाणारा करंट सांभाळणारं सर्किट. तयार ड्रायव्हरमध्ये ७१३५ नावाच्या छोट्या चिप असतात, प्रत्येक चिप ३५० मिलिअँपिअर करंट सोडते. आठ चिप म्हणजे २.८ अँपिअर, म्हणजे पुन्हा तोच डोळे दिपवणारा उजेड. शेजारचा मायक्रोकंट्रोलर उघडझाप करून तो कमी करतो. मला यातली एकच चिप हवी, तीही मायक्रोकंट्रोलरशिवाय. म्हणून मोकळी सर्किट चकती घेतली आणि तिच्यावर एकच ७१३५ डागली. जोडणी अशी: सेलचा धन टोक थेट एलईडीच्या धन टोकाला आणि चिपच्या व्हीडीडी पायाला; एलईडीचं ऋण टोक चिपच्या आउट पायाला; चिपचा ग्राउंड टॉर्चच्या बॉडीला. संपलं. मोड नाही, उघडझाप नाही.

ही चिप करंट ठाम धरते. सेल ४.२ व्होल्टवर असो की ३.४ वर, एलईडीला तेवढाच करंट मिळतो. व्होल्टेज तीनच्या जवळ आल्यावरच उजेड ढळतो. ३००० एमएएचचा सेल या हिशोबाने आठ तासांच्या वर चालतो. अर्ध्या तासाची फोटोची चाचणी पुन्हा केली: दोन्ही फोटोंचे हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचे आलेख, एकावर एक ठेवले तर फरक दिसला नाही. बॉडी हाताला कोमटही लागली नाही.

एलईडीची चकती बसवताना खाली थर्मल पेस्टचा पातळ थर दिला. वायरी रिफ्लेक्टरच्या कडेला घासून शॉर्ट होऊ नयेत म्हणून मधल्या प्लॅस्टिकच्या कड्याला कानशीने दोन खाचा पाडाव्या लागल्या. वेळ गेला तो यात. एलईडी रिफ्लेक्टरच्या बरोबर मध्यावर नसेल तर झोत अंड्यासारखा लांबट पडतो.

रिफ्लेक्टर गुळगुळीत घेऊ नका, खडबडीत घ्या. गुळगुळीत रिफ्लेक्टर भिंतीवर कडी उमटवतो आणि ती कडी फोटोत दगडाच्या सांध्यांशी भांडतात.

१५ डिसेंबर, नाशिक: बटण

टॉर्चच्या शेपटाकडची बटणं दोन प्रकारची. एकात खटका पूर्ण दाबून सोडला की मगच उजेड येतो. दुसऱ्यात अर्धं दाबलं की उजेड आणि सोडलं की अंधार. पूर्ण दाबलं तर चालू राहते. लाइट पेंटिंगला दुसरंच हवं. अंगठा दाबून मोजायचं, एक-दोन-तीन-चार, आणि सोडायचं. जागा बदलताना टॉर्च बंदच असते, त्यामुळे वाटेत कुठे उजेड सांडत नाही.

बटण बदललं आणि टॉर्च पेटेना. नवीन बटण दीड-दोन मिलिमीटरने उंच, त्यामुळे रबरी टोपी आधीच अर्धी दाबलेली राहत होती आणि फिरकीचं कडं पूर्ण बसत नव्हतं. बॉडीपर्यंत संपर्कच पोचत नव्हता. पातळ रबरी टोपी घातली, स्प्रिंगचा एक वेटोळा कापला, आणि काम झालं. एवढ्यासाठी संध्याकाळ गेली. बटण मागवताना जुन्याची उंची मोजूनच मागवा.

२८ डिसेंबर, बारव

अमावस्येला दोन दिवस बाकी, थंडी चांगली पडली आहे, कीटक नाहीत. पावसाळ्यानंतर लगेच हे काम केलं तर झोतात उडणाऱ्या प्रत्येक किड्याची रेघ उमटते.

बरोबर मामेभाऊ आणि त्याचा मित्र. एकटीने जाऊ नये. ऊसतोड चालू आहे आणि या पट्ट्यात बिबट्या नवा नाही. आम्ही मोठ्याने बोलत काम करतो, एक जण कायम काठावर असतो, आणि उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधतो. खालच्या पायऱ्यांवर शेवाळ आहे.

फोकसची सोय: एका पायरीवर टॉर्च उभी ठेवली, कॅमेऱ्याच्या पडद्यावरचं चित्र (लाइव्ह व्ह्यू) मोठं करून हाताने फोकस केला, रिंगवर चिकटपट्टी लावली. मग ती रिंग कोणी हलवायची नाही.

नवी टॉर्च पहिल्यांदा दगडावर. आयएसओ १००, एफ ८. काळ्या दगडाला मी धरलं होतं त्याहून एक स्टॉप जास्त लागला. चार मीटरवरून एका तुकड्याला सहा सेकंद ठीक बसतात. आठ मीटरवरून तेच करायचं तर चोवीस सेकंद, कारण अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई राहतो. म्हणून शक्य तिथे सगळ्या थरांपासून सारखं अंतर राखून चालावं; अंतराचा हिशोब करण्यापेक्षा पाय मोजणं सोपं.

समोरून उजेड टाकला तेव्हा भिंत सपाट आली, जणू काळा कागद. भिंतीला जवळजवळ चिकटून, कडेने तिरपा टाकला तेव्हा दगडावर टाकीचे घाव उभे राहिले. एका चिऱ्यावर घाव डावीकडे कलणारे, शेजारच्या चिऱ्यावर उजवीकडे. दोन वेगळे पाथरवट असतील, की एकच जण बाजू बदलून बसला असेल. दिवसा मी हा दगड लहानपणापासून बघत आले आहे, हे कधी दिसलं नव्हतं. मला हा सगळा उद्योग करायचा होता तो यासाठीच.

मग अंधारात सेल बदलताना भावाने तो उलटा घातला. चर्र आवाज, जळका वास, चिप गेली. साध्या एक-चिपच्या सर्किटला उलट्या करंटपासून संरक्षण नसतं, ही या रचनेची खरी उणीव आहे. रात्र तिथेच संपली.

३१ डिसेंबर, नाशिक

नवी चिप डागली. चिप स्वस्त असते, पाच-दहा मागवूनच ठेवा. सर्किटच्या मधल्या संपर्कबिंदूभोवती जाड प्लॅस्टिकची चकती चिकटवली, मध्ये भोक असलेली. सेलचं बोंड भोकातून आत जाऊन बिंदूला टेकतं. सेल उलटा घातला तर त्याचं सपाट बूड चकतीवरच अडतं आणि काही होत नाही. बोंडवाले सेल घेतल्याचा फायदा तो हा. मुद्दाम उलटा घालून पाहिला; टॉर्च मुकाट राहिली.

१२ जानेवारी २०२५, नाशिक: सांडणारा उजेड

२८ तारखेच्या फ्रेम संगणकावर मोठ्या करून पाहिल्या. टॉर्च भिंतीकडे वळलेली असूनही तिच्या तोंडाची चकाकणारी कड फ्रेममध्ये ठिपक्यांसारखी आली आहे. माझा हातही पुसट दिसतो.

उपाय नळीचा. ३२ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, वीतभर. टॉर्चचं डोकं २४ मिलिमीटरचं, म्हणून त्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबचे वेढे देऊन पाइप घट्ट बसवला. पाइप पांढरा असतो आणि आतून उजेड परावर्तित करतो, शिवाय भिंत पातळ असेल तर स्वतःच उजळतो. बाहेरून काळी इन्सुलेशन टेप आणि आतून काळा कार्डशीट, चकाकी नसलेला. आतून काळा स्प्रे मारून पाहिला होता. तो सुकल्यावर चकाकला आणि भिंतीवर कडी परत आली. कार्डशीटच बरा.

झोत अरुंद करायला तोंडाशी जाळी: कागदी स्ट्रॉ चार सेंटिमीटरचे कापून, एकमेकांना चिकटवून, पाइपात कोंबले. सहा मिलिमीटरचे स्ट्रॉ असले की झोत साधारण सतरा अंशांत आवळला जातो. एकाच चिऱ्यावर किंवा फक्त देवकोष्ठावर उजेड टाकायला हे उत्तम. रुंद भिंतीसाठी जाळी काढून वास्तुरचनाकार वापरतात ती दुधी ड्राफ्टिंग फिल्म लावली. ट्रेसिंग पेपरही चालतो, पण दवाने भिजून लोंबतो.

२५ जानेवारी, बारव

नळीने काम केलं. फ्रेममध्ये टॉर्च नाही, हात नाही. गडद कपडे, काळे हातमोजे, आणि एका जागी उभं राहायचं नाही.

स्ट्रॉची जाळी दवाने फुगली आणि बाहेर पडली. घरी आल्यावर नवी करून, पुढून-मागून वॉर्निशचा हात दिला आणि वरून काळा स्प्रे. इथे चकाकीचा त्रास नाही, कारण नळ्या अरुंद आहेत.

आज पद्धतही बदलली. एकाच दोन मिनिटांच्या फ्रेममध्ये सगळी बारव उजळायची असा माझा हट्ट होता. पंधरा थर बरोबर आले आणि सोळाव्यावर अंगठा जास्त वेळ दाबला गेला, की सगळं पुन्हा. आता कॅमेरा न हलवता प्रत्येक भागाची वेगळी वीस-तीस सेकंदांची फ्रेम घेते आणि नंतर गिंप या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये 'लाइटन' मोडने एकावर एक रचते. प्रत्येक ठिकाणी सगळ्यात उजळ पिक्सेल शिल्लक राहतो. काही जण याला चुकीचं मानतात. दगडावर पडलेला प्रत्येक उजेड माझ्याच टॉर्चचा आहे, तेव्हा मला यात काही खोटं वाटत नाही.

कॅमेऱ्यातलं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद ठेवा. ते चालू असलं की प्रत्येक फ्रेमनंतर कॅमेरा तेवढाच वेळ अडकून बसतो आणि थंडीत खाली पाण्याशी उभं राहणाऱ्याला ते फार जाणवतं.

२ फेब्रुवारी, नाशिक: रंगीत कागद, थोडक्यात

गणपतीच्या सजावटीचे जिलेटीन पेपर लावून पाहिले. लाल छान येतो, कारण या एलईडीत तांबडा आहे. झूमच्या टॉर्चवर हाच कागद मळकट नारिंगी दिसायचा. निळा खूप उजेड खातो, चौपट वेळ लागतो. पण या बारवेला रंगीत उजेड शोभत नाही. शेंदराचा स्वतःचा रंग पुरेसा आहे. कागद बाजूला ठेवले. त्याऐवजी फ्लॅशवर लावतात ती सीटीओ जेल, म्हणजे उजेड पिवळसर करणारी नारिंगी फिल्म, घेतली, महाशिवरात्रीसाठी.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र, बारव

महाशिवरात्रीला राज्यात अनेक गावांत बारवांवर दीपोत्सव होतो. आमच्याकडे यंदा पोरांनी पायऱ्या झाडल्या, गाळ काढला आणि पणत्या मांडल्या. दीपोत्सव आटोपून गर्दी पांगल्यावर तासभर मला मिळाला. पणत्यांत तेल पुन्हा घालून दिलं ते मामीने.

पणतीची ज्योत १९०० केल्विनच्या आसपास, माझी टॉर्च ४५००. शेजारी शेजारी आल्यावर टॉर्चचा उजेड निळा, इस्पितळातल्यासारखा. नळीत पूर्ण सीटीओ लावल्यावर तो २६०० च्या जवळ आला. ज्योतीपेक्षा किंचित थंड, आणि तसाच हवा होता: पणतीजवळचा दगड उबदार आणि दूरची भिंत वेगळी ओळखू येते. जेल लावल्यावर सहा सेकंदांचे दहा झाले.

खरी अडचण वेळेची. दोन मिनिटांत पणत्यांच्या मागचे कोनाडे पार जळतात. म्हणून फक्त पणत्यांची, टॉर्च न मारता, बारा सेकंदांची वेगळी फ्रेम घेतली. मग प्रत्येक तुकड्यासाठी शटर बारा सेकंदांपेक्षा जास्त उघडं ठेवायचं नाही, म्हणजे रचताना कोनाडे जळत नाहीत. दहा सेकंद टॉर्च आणि दोन सेकंद हाताचा उशीर. रिमोट भावाकडे, तो वरून "हं" म्हणायचा आणि मी अंगठा दाबायचे.

ज्योती वाऱ्याने हलतात, त्यामुळे रचलेल्या फोटोत एकेक ज्योत जाड होते. टॉर्चच्या फ्रेममधल्या ज्योती मास्क करून काढल्या आणि त्या बारा सेकंदांच्या फ्रेममधल्याच ठेवल्या.

१ मार्च, नाशिक

फोटो तयार आहे. मोठी प्रत ग्रामपंचायतीत लावायला दिली. मामांनी पाहिल्यावर देवकोष्ठाच्या वरच्या थरातल्या एका चिऱ्यावर बोट ठेवलं, "हा नंतर बसवलेला दिसतो." खरंच, त्या एकाच चिऱ्यावर टाकीचे घाव बारीक आणि सरळ आहेत. आता गावातल्या जाणत्या माणसांकडे दुरुस्ती कधी झाली याची चौकशी चालू आहे.

करणाऱ्यांसाठी खर्च. बॉडी, एलईडी आणि रिफ्लेक्टर मिळून दोन हजारांच्या आत. चिप, मोकळी सर्किट चकती, बटण, वायर: तीनशे. दोन चांगले सेल आणि चार्जर: दीड हजार, यात काटकसर करू नका. नळी, टेप, स्ट्रॉ, फिल्म: दोनशे. सीटीओ जेल चारशे. सोल्डरिंग आयर्न घरात होतं. आधीच्या मोठ्या टॉर्चला यातल्या निम्म्याहून जास्त पैसे गेले होते; ती आता शेतावर रानडुकरं हाकायला वापरतात आणि त्या कामाला ती चांगली आहे.

दुसरी टॉर्च जुळवते आहे, याच रचनेची, पण दोन चिपची. सातशे मिलिअँपिअर म्हणजे जवळजवळ एक स्टॉप जास्त, काठावरून वरच्या थरांसाठी. सीटीओ तिच्यातच कायमची बसवणार, म्हणजे अंधारात जेल शोधावी लागणार नाही. पहिलीवर पांढरी टेप आणि दुसरीवर लाल, दोन्ही टेप शेपटाकडे, कॅमेऱ्याला दिसणार नाहीत अशा. पावसाळ्यात बारव भरते आणि काम बंद असतं. तेव्हा सेल काढून अर्धवट चार्जवर डब्यात ठेवायचे, बटणाकडची फिरकी पुसून तिला सिलिकॉन ग्रीस लावायचं आणि जाळी कोरड्या जागी. पुढची तारीख दिवाळीचा धूर विरल्यावर, दिवसपाळीची वीज असलेल्या आठवड्यातली.